कोळसा गेला, पोकळी राहिली

(पोस्ट लांब आहे. पण आपल्याच पायाखालची गोष्ट आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.)

ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस, पोळ्याच्या दिवसांत, घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर जमिनीत गेलं. अख्खंच्या अख्खं घर खाली गेलं आणि त्या जागी खोल खड्डा उरला. घरच्यांना जमीन हलल्याचं वेळेवर जाणवलं, ते बाहेर पळाले, म्हणून जीव वाचले. आसपासची घरं रिकामी करावी लागली, शंभरावर कुटुंबांना दुसरीकडे हलवावं लागलं. काही दिवस कॅमेरे आले, पुढारी आले, पंचनामे झाले. मग बातमी जुनी झाली.

त्या वस्तीखाली इंग्रजांच्या काळातली भूमिगत खदान होती. कोळसा काढून झाला, खदान बंद झाली, वर माती, मातीवर रस्ते, रस्त्यांच्या कडेला घरं. दोन पिढ्या तिथे राहिल्या, लग्नं लागली, बारशी झाली. आणि एका दिवशी खालच्या पोकळीने वरचं घर ओढून घेतलं.

आपल्याकडे खदानीचा इतिहास टनांमध्ये सांगतात. अमुक साली एवढे लाख टन, तमुक साली एवढे कोटी टन, विक्रमी उत्पादन, सत्कार, हारतुरे. काय काढलं याचा हिशोब पैशापर्यंत चोख आहे. पण काढल्यावर खाली काय उरलं, आणि ज्यांनी काढलं ते कोण होते, याचा हिशोब आपल्या कोणाकडेच नाही. म्हणून आज थोडा इतिहास.

वरोऱ्यापासून सुरुवात

वर्धा नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जंगलाचा कोळसा आहे. काही ठिकाणी हा थर पंधरा-वीस मीटर जाड आहे. म्हणजे पाच-सहा मजली इमारत उभी राहील एवढा. १८७० च्या दशकात इंग्रज सरकारने वरोऱ्याला स्वतःची खदान चालू केली. तोवर मुंबईकडच्या रेल्वेला विलायतेहून जहाजाने येणाऱ्या महागड्या कोळशावर अवलंबून राहावं लागत होतं. इथला कोळसा मिळाला तर केवढी बचत! वऱ्हाड-नागपूरचा कापूस वाहून न्यायला गाड्या हव्या होत्या, आणि गाड्यांना कोळसा हवा होता. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल चालू झाली, तोही हाच काळ.

कोळसा न्यायला वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रूळ टाकले. या मार्गाचं नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' होतं. पुढे ही लाइन बल्लारशाहपर्यंत गेली, १९२९ च्या सुमारास तिकडे काझीपेठला जोडली गेली आणि उत्तर-दक्षिण असा थेट रस्ता तयार झाला. आज दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या आपल्या वरोरा-चंद्रपूरवरून धडधडत जातात ना, त्या वाटेचा हा तुकडा मुळात कोळशासाठी टाकलेला आहे. माणसं नंतर बसली.

आपल्या भागातल्या कोळशाची खोड सगळ्या जुन्या कामगारांना माहीत आहे. हवेला उघडा पडला की तो भुगा होतो, आणि ढीग करून ठेवला की आपोआप तापतो, धुमसतो, पेट घेतो. काडी लावावी लागत नाही. खाली सोडून दिलेल्या गल्ल्यांमध्येही तेच होतं. म्हणजे बंद केलेली खदान आतून शांत असेलच, असं नाही.

१९०६ मध्ये वरोऱ्याची सरकारी खदान बंद झाली. उणीपुरी तीस-पस्तीस वर्षं. खदान उघडली, रेल्वे आली, मजूर आले, बाजार भरला, आणि एका माणसाच्या हयातीत सगळं गुंडाळलं गेलं. वरोऱ्याला कापसाचा बाजार होता, म्हणून गाव टिकलं. पण खदानीवर आलेले मजूर कुठे गेले, हे कुठल्या कागदावर सापडत नाही. आपल्या जिल्ह्यात पुढे जे अनेकदा घडणार होतं, त्याची पहिली आवृत्ती वरोऱ्याला तेव्हाच निघाली होती.

माणसं कुठून आली

वरोरा संपत असताना बल्लारपूर उघडलं. मग घुग्घुस, राजूर, माजरी, इकडे चांद्यात महाकाली, लालपेठ, रय्यतवारी. वर्धा नदीच्या पलीकडे सास्ती. तेव्हा राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे नदीच्या अलीकडे इंग्रजांचं राज्य, पलीकडे निजामाचं, आणि कोळशाचा थर मात्र खालून गुपचूप सरहद्द ओलांडून गेलेला.

खदानीत उतरायला इथला शेतकरी लवकर तयार झाला नाही. ज्याच्याकडे दोन एकर का होईना वावर आहे, तो पावसाची वाट बघेल पण अंधारात कशाला जाईल? त्यामुळे माणसं बाहेरून आणली गेली. करीमनगर-आदिलाबादकडून तेलुगू कुटुंबं आली. छत्तीसगडमधून, बिलासपूरकडून आली. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची ओरड झाली तेव्हा सरकारने गोरखपूरला मजूरभरतीचा डेपो उघडला, आणि तिथून गाड्या भरभरून माणसं देशभरच्या कोळसापट्ट्यांत पाठवली. आपल्याकडे 'गोरखपुरी' हा शब्द आला तो असा. त्यांना बराकींसारख्या कॅम्पात ठेवत. बायकापोरं गावाकडे, माणूस इकडे. आसपासच्या गावांतले भूमिहीन, दलित, गोंड-कोलाम मजूरही हळूहळू खदानीत गेले. ज्यांना वावर नव्हतं, त्यांना जमिनीच्या वर मिळालं नाही ते जमिनीच्या खाली मिळालं.

म्हणून आजही महाकाली कॉलरी किंवा लालपेठ भागात गेलात तर एका गल्लीत तेलुगू, दुसरीत छत्तीसगढी, तिसरीत भोजपुरी ऐकू येतं. मराठी सगळ्यांना येते, प्रत्येकाची वेगळी. खदानीची भाषा तर आणखीच निराळी. हॉलेज, टब, इनक्लाइन, गोफ, ओव्हरमन, सरदार, शॉटफायरर, टिंबर मिस्त्री. इंग्रजी, हिंदी, तेलुगू, मराठी सगळं एका टोपलीत. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं तोही 'व्हेंटिलेशन' हा शब्द बिनचूक वापरायचा, कारण त्या शब्दावर त्याचा श्वास चालायचा.

खाली काम कसं चालायचं

नव्या पिढीला भूमिगत खदान म्हणजे विहिरीसारखं काहीतरी वाटतं. तसं नसतं. तिरप्या वाटेने, म्हणजे इनक्लाइनने, किंवा पिंजऱ्यातून कोळशाच्या थरापर्यंत उतरायचं. तिथे थरातच गल्ल्या काढत जायचं, उभ्या आणि आडव्या, शहराच्या रस्त्यांसारख्या. गल्ल्यांच्या मधे जे चौकोन उरतात ते कोळशाचेच खांब. त्यांना पिलर म्हणतात. वरचा सगळा डोंगर, माती, गाव, नदी, रेल्वे या पिलरांवर तोललेलं असतं.

अशा पद्धतीत पहिल्या फेरीत एकूण कोळशाच्या पाव हिश्श्याच्या आसपासच निघतो. बाकीचा खांब म्हणून उभा. आपल्याकडचे थर जाड, त्यातही गल्ली काढायची ती थराच्या एका भागातच. १९५७ च्या नियमावलीने गल्ली ४.८ मीटरपेक्षा रुंद नको, ३ मीटरपेक्षा उंच नको, खोली वाढली तर पिलर मोठा, असं मोजमाप घालून दिलं. बल्लारपूर-घुग्घुस-राजूरकडच्या सगळ्यात जुन्या गल्ल्या त्याच्या कितीतरी आधीच्या. त्या कोणत्या मापाने काढल्या, पिलर किती ठेवले, हे त्या त्या वेळच्या मालकाला आणि मॅनेजरला माहीत.

दुसऱ्या फेरीत पिलर काढतात, त्याला डीपिलरिंग म्हणतात. हे सगळ्यात धोक्याचं काम. खांब काढत मागे मागे सरकायचं आणि समोरचं छत पडू द्यायचं. पडलेल्या त्या भागाला गोफ म्हणतात. वर गाव, रेल्वे किंवा नदी असेल तर छत पडू देता येत नाही. मग एकतर पिलर तसेच सोडायचे, नाहीतर नदीची रेती पाण्यासोबत पाइपाने आत सोडून पोकळी भरायची. रेती भरायला पैसा लागतो, वेळ लागतो, आणि भरलेल्या रेतीचा टन कुठल्या उत्पादनात मोजत नाहीत.

छत पडायच्या आधी बोलतं, असं जुने कामगार सांगतात. लाकडी टेकू करकरतो, बारीक खडे गळायला लागतात. काठीने किंवा सब्बलीने छतावर ठोकायचं, आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर मागे फिरायचं. सुरुवातीच्या काळात यंत्रं नव्हती. कोळसा गैंतीने तोडायचा, टोपलीने भरायचा, टबात टाकायचा आणि टब ढकलायचा. मजुरी टबावर. टब पूर्ण भरला नाही म्हणून मुकादमाने पैसे कापले, तर दाद कोणाकडे मागायची? पगाराच्या दिवशी खदानीच्या फाटकावर सावकार उभाच असायचा. एका हातात आलेला पैसा दुसऱ्या हाताने तिथेच जायचा.

आणि धूळ. कोळशाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. न्यूमोकोनिओसिस असं कायद्यातलं नाव आहे. वस्तीत म्हणतात दम लागला.

बायाही खाली होत्या

ही गोष्ट आपल्या पोरींना सांगितली पाहिजे. जुन्या खदानीत नवरा-बायको जोडीने उतरत. तो तोडायचा, ती भरायची, वाहायची. लहान लेकरू कधी वर कोणाजवळ, कधी सोबतच. १९२९ मध्ये सरकारने नियम करून बायांना भूमिगत कामातून टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात केली, आणि तीसच्या दशकाच्या अखेरीस ते पूर्ण बंद झालं. ऐकायला चांगली गोष्ट. पण घरातली अर्धी कमाई एका फटक्यात गेली, तिची भरपाई कोणी दिली नाही.

मग युद्ध आलं. कोळसा कमी पडू लागला आणि १९४३ मध्ये ही बंदी उठवली. त्यात आपला मध्य प्रांतही होता. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सभासद होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात या निर्णयावर जोरदार टीका झाली, आणि उत्तर द्यायला बाबासाहेब उभे होते. युद्धाच्या निकडीचा हा तात्पुरता निर्णय आहे आणि बायांना पुरुषांएवढीच मजुरी मिळेल, ही सरकारची भूमिका त्यांनी मांडली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसापट्ट्यात गेले, स्वतः खाणीत उतरले, कामगारांच्या खोल्या पाहिल्या. पाठोपाठ जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. दवाखाने, पाणी, घरं, शाळा यासाठी निघालेल्या प्रत्येक टनामागे उपकर. पुढे वस्त्यांमध्ये जे दवाखाने आणि चाळी दिसल्या, त्याचं मूळ इथे आहे. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला धम्मदीक्षा द्यायला आलेले बाबासाहेब आपल्याला पाठ आहेत. खाणीत उतरलेले बाबासाहेबही पाठ असायला हवेत.

१९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. बाया वरच्या कामावर आल्या. कोळसा भरणं, दगड वेचणं, टोपल्या वाहणं. नंतर तीही कामं यंत्रांनी घेतली. पुढे बाईने स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आणि तिच्या जागी मुलाला लावायचं, अशा योजना आल्या. घराघरांत आईची नोकरी पोराच्या नावावर झाली आणि हजेरीपटावरून बाया कमी कमी होत गेल्या. भूमिगत कामाची दारं बायांसाठी २०१९ मध्ये अधिसूचना काढून पुन्हा उघडली. तोवर भूमिगत खदानीच मिटायला लागल्या होत्या.

पाणी

आग आणि छत, यापेक्षा खदान कामगार पाण्याला जास्त भितो. डिसेंबर १९५४ मध्ये परासियाजवळच्या न्यूटन चिखली खदानीत पाणी शिरून ६३ कामगार गेले. तेव्हा छिंदवाडा आणि आपण एकाच राज्यात होतो, राजधानी नागपूर होती. १८ नोव्हेंबर १९७५ ला सावनेर तालुक्यातल्या सिल्लेवाडा खदानीत पाणी शिरून १० जण गेले. त्यानंतर सव्वा महिन्यातच, २७ डिसेंबर १९७५ ला, धनबादजवळ चासनाला इथे पावणेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. सिल्लेवाडा कोणाला आठवत नाही, कारण चासनालाने सगळी बातमी व्यापून टाकली.

चासनालाला पाणी नदीतून आलं नव्हतं. वरच्या बाजूला जुनी, सोडून दिलेली कामं होती, त्यात पाणी साचलं होतं. खाली काम करणाऱ्यांच्या आणि त्या पाण्याच्या मधे कोळशाची जेवढी भिंत हवी, तेवढी ती उरली नव्हती. एका बाजूने गल्ली पुढे जात राहिली आणि भिंत फुटली.

म्हणून खदानीत नकाशाला एवढं महत्त्व. सर्व्हेअर दर महिन्याला गल्ल्या मोजतो, कागदावर चढवतो. खदान बंद करताना तिचा शेवटचा नकाशा खाण सुरक्षा खात्याकडे जमा करावा लागतो, तसा कायदा आहे. उद्देश हा, की पुढे शेजारी कोणी खणायला लागला तर त्याला कळावं जुनी पोकळी कुठे आहे. म्हणजे खाली काम करणाऱ्याला जुनी गल्ली कुठे आहे हे सांगायची सोय आहे. वर राहणाऱ्याला सांगायची सोय कुठे आहे?

१९७३ आणि त्यानंतर

जानेवारी १९७३ च्या अखेरीस सरकारने बिगर-कोकिंग कोळसा खाणींचा कारभार हातात घेतला, आणि १ मे १९७३ ला ७११ खाणी सरकारी झाल्या. मोहन कुमारमंगलम तेव्हा मंत्री होते. त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ मे रोजी, विमान अपघातात ते गेले. १९७५ मध्ये कोल इंडिया आली आणि आपली वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे वेकोलि, नागपुरात.

ज्यांच्या घरी खदानीचा पगार येत होता, त्यांना विचारा १९७३ म्हणजे काय. ठेकेदाराच्या वहीतलं नाव कंपनीच्या फॉर्म बी रजिस्टरमध्ये गेलं. पहिल्यांदा जन्मतारीख, बापाचं नाव, गाव, अंगठा. (त्या जन्मतारखांवरून आजही कोर्टात भांडणं चालू आहेत, तो वेगळा विषय.) १९७५ पासून देशभर एकच वेतन करार लागू झाला. क्वार्टर, दवाखाना, एलटीसी, पोराला शाळेची बस, वडील गेले तर वारसाला नोकरी. आयटकचा लाल बावटा, इंटक, बीएमएस, एचएमएस, यांच्या दरवाजासभांना हजारोंची गर्दी. भोंगा वाजला की सगळं गाव वेळ लावायचं. खदानीच्या पगारावर किराणा दुकान, सायकल दुकान, शिंपी, खानावळ, आठवडी बाजार सगळं चालायचं. माजरी, राजूर, बल्लारपूरमधल्या किती पोरांनी या पगारावर इंजिनीअरिंग केलं, याची मोजदादच नाही. खदान कामगारांनी आपल्या भागात एक मध्यमवर्ग उभा केला. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण कोळसा काढायची पद्धत बदलली. भूमिगत खदान म्हणजे माणसं जास्त, कोळसा कमी, खर्च फार. ओपनकास्ट म्हणजे वरची माती-दगड उचला, बाजूला ढीग करा, कोळसा उचला, डंपर भरा. चंद्रपूरचं वीज केंद्र ऐंशीच्या दशकात धडाडलं, त्याची भूक वाढत गेली. आज ते २९२० मेगावॉटचं आहे. वेकोलि आता वर्षाला ६ कोटी टनांच्या पुढे कोळसा काढते आणि जवळपास सगळा ओपनकास्टमधून. कोल इंडियाकडे एकेकाळी सहा लाखांवर कामगार होते, आज सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. कोळसा कितीतरी पट वाढला आणि माणसं एक तृतीयांशावर आली. डंपरवर आणि मातीकामावर आज जी पोरं दिसतात, त्यातली बहुतेक ठेक्यावरची. त्यांचं नाव फॉर्म बी मध्ये आहे, पण १९७३ वाला पगार नाही. पन्नास वर्षांत आपण ठेकेदाराच्या वहीतून निघून फिरून तिथेच आलो.

ओपनकास्टने प्रश्नाची जागाही बदलली. पूर्वी खदान शेताच्या खालून जायची, आता शेतच खदान होतं. १९५७ च्या कोल बेअरिंग कायद्याखाली अधिसूचना निघते आणि जमीन सरकारची, पुढे कंपनीची होते. दोन एकरांमागे एक नोकरी, बाकी मोबदला. एक एकरवाल्याने काय करायचं? ज्याच्याकडे एकरही नाही, जो दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जात होता, त्याचं तर नावच यादीत येत नाही. गावं उठली, देवळं हलली, पांदण रस्ते बुजले. नदीकाठी मातीचे डोंगर उभे राहिले, त्यावर बाभळी वाढल्या, आणि त्या झुडपांत बिबट्या येऊन राहू लागला. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या यादीत चंद्रपूर देशात चौथं होतं, ८३.८८ गुण. शाळेत एवढे मिळाले असते तर पेढे वाटले असते.

बंद म्हणजे काय?

आता मूळ मुद्द्यावर येतो. भूमिगत खदानी एकेक करून बंद होत आहेत. फाटकाला कुलूप लागतं, पंखा थांबतो, पंप थांबतो. पंप थांबला की गल्ल्यांमध्ये पाणी भरतं. पाण्याने पिलर झिजतात, कोपरे गळतात, छत थोडं थोडं पडत वर सरकतं. थर खोल असेल तर पडलेला दगड फुगून पोकळी भरून काढतो आणि वर काही कळत नाही. थर उथळ असेल तर एक दिवस खड्डा थेट वर येतो. हे दहा वर्षांनी होऊ शकतं, ऐंशी वर्षांनीही. उन्हाळ्यात होऊ शकतं, पण पावसाळ्यात जास्त होतं, कारण माती जड होते.

खाण बंद करायचा आराखडा आणि त्यासाठी पैसे बाजूला ठेवणं सक्तीचं झालं ते २००९ मध्ये. त्यात ओपनकास्टसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगतसाठी हेक्टरी १ लाख, असा हिशोब होता. नंतर आकडे वाढले. पण २००९ च्या आधी बंद झालेल्या खदानींचं काय? त्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या २०२२ मध्ये. घुग्घुसचं घर गेलं तेही २०२२ मध्येच. सव्वाशे-दीडशे वर्षांची पोकळी आणि कालपरवाचा कागद.

मी खदानीच्या विरोधात नाही. या जिल्ह्यात राहून कोण असेल? आपल्या घरातला दिवा, पंखा, मोबाइल सगळं त्या कोळशावर चालतं. पण ज्या जमिनीने एवढं दिलं, तिच्या पोटात काय आहे हे तिच्यावर राहणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. हा उपकार नाही, हक्क आहे. म्हणून तीन साध्या मागण्या आहेत, सगळ्या पक्षांच्या, सगळ्या संघटनांच्या लोकांनी उचलाव्यात अशा.

एक, जुन्या भूमिगत खदानींचे नकाशे गावाच्या नकाशावर बसवून ग्रामपंचायत आणि नगर परिषदेत लावा. मराठीत. कोणत्या वॉर्डाखाली गल्ली आहे, किती खोल आहे, पिलर आहेत की काढले, रेती भरली की नाही. पिवळ्या-लाल रंगात दाखवा, म्हणजे न वाचणाऱ्यालाही कळेल.

दोन, अशा जागेवर बांधकाम परवानगी, घरकुल, पाण्याची टाकी, शाळा मंजूर करण्याआधी तो नकाशा बघणं सक्तीचं करा. गरिबाला स्वस्तात प्लॉट मिळतो तो नेमका याच जागेवर. विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं.

तीन, उथळ आणि जुन्या गल्ल्यांवर वस्ती असेल तिथे तपासणी करून पोकळी भरा. रेती, राख, जे शास्त्राने योग्य असेल ते. आपल्याकडे वीज केंद्राच्या राखेचे डोंगर पडून आहेतच.

आणि एक काम आपलं. घुग्घुस, बल्लारपूर, राजूर, माजरी, सास्ती, लालपेठ या गावांत ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातली माणसं अजून आहेत, जी त्या गल्ल्यांतून चालली आहेत. कोणती इनक्लाइन कुठे उतरायची, कोणत्या सालात कुठे छत बसलं, पाणी कुठून झिरपायचं, रेती खरंच भरली की कागदावरच भरली, हे त्यांच्या डोक्यात आहे. सर्व्हेअरच्या नकाशात नसलेल्या गोष्टीही आहेत. त्यांच्याजवळ बसा. घरातल्या ट्रंकेत जुनं हजेरी कार्ड, बोनस कार्ड, पीएफची पावती, कॅप लॅम्पचा पितळी बिल्ला असेल तर फेकू नका, भंगारवाल्याला देऊ नका. आजोबांना कागद-पेन्सिल द्या आणि गल्ल्या काढून दाखवायला सांगा. आजीला विचारा ती कोणत्या साली खाली उतरली किंवा वर कोळसा भरायला होती. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, तेलुगूत बोलल्या तर तेलुगूत.

दर पावसाळ्यात यातली दोन-चार माणसं कमी होतात. ती गेली की खाली काय आहे हे सांगणारं आपल्या बाजूचं कोणी उरणार नाही. मग जमिनीनेच सांगितलं तर कळेल, घुग्घुसला सांगितलं तसं.